मावशीचं ताट आणि बाबांची टोपी

मी एकदा हेर म्हणून पकडली गेले होते, हे सांगितलं की आमची नातवंडं पोट धरून हसतात. मी मराठीत सांगते, ती हिब्रूत हसतात. धाकटी म्हणते, "आजी, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तू कसली हेर!" खरंच आहे ते. पण त्या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं. बाबांची भाकरी जायची वेळ आली होती, आणि ती वाचली ती दोन वस्तूंमुळे. एक आईच्या लग्नातलं पितळी ताट आणि दुसरी बाबांची कळकट टोपी. दोन्ही अजून माझ्या घरात आहेत. कुणी त्या मोडीत घाला म्हणालं तर मी त्यालाच मोडीत घालीन.

आम्ही मुंबईहून यहुद्यांच्या या नव्या देशात आलो तेव्हा मी विशीत होते. आई, बाबा आणि मी. बंदरावरून आम्हाला ट्रकमध्ये बसवलं आणि वाळवंटातल्या डिमोना गावी आणून उतरवलं. आई जन्मानं अलिबागकडची. ती ट्रकमधून खालीच उतरेना. "समुद्र कुठाय?" म्हणून विचारत राहिली. आमच्या आधी आलेल्या एका बाईनं तिला हात धरून उतरवलं आणि म्हणाली, "समुद्राचं सोडा, आधी नळाला पाणी कधी येतं ते विचारून घ्या."

बाबा मुंबईत गोदीमध्ये फिटर होते. हाताला असं वळण की बंद पडलेला पंप त्यांना बघून चालू व्हायचा, असं आई म्हणायची. इथे आल्यावर पहिलं वर्ष त्यांनी रस्त्यावर खडी फोडली, नाहीतर सरकारी रोपटी लावली. कंबर गेली. संध्याकाळी ते चटईवर पालथे पडायचे आणि मी त्यांच्या पाठीवर गरम विटेचा शेक द्यायची. तोंडातून 'हाय' कधी काढलं नाही, पण बोलणंही बंद झालं होतं. मग गावाबाहेर वाळवंटात जे मोठं काम चाललं होतं, तिथे त्यांना फिटर म्हणूनच घेतलं. फोटो लावलेला पास मिळाला. त्या दिवशी त्यांनी तो पास आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच. माझं काम लिहिलंय त्यावर." आईला हिब्रू कुठलं वाचता येतंय! तरी तिनं तो डोळ्यांना लावला.

ते अणुभट्टीचं काम होतं हे पुढे कित्येक वर्षांनी कळलं; तेव्हा घरात त्याबद्दल विचारायचं नाही, असा नियम होता. बाहेर कुणी विचारलंच तर 'कापडगिरणी' म्हणून सांगायचं. आता गंमत बघा, मी स्वतः खरोखरीच्या कापडगिरणीत होते. माझ्या केसांत कापूस, बाह्यांना सूत. बाबांच्या अंगावर कधी एक धागा नाही. रोज संध्याकाळी आम्ही दोघं गिरणीकामगार समोरासमोर बसून चहा प्यायचो आणि गिरणीबद्दल अवाक्षर काढायचो नाही.

मला मात्र त्या गावात कंटाळा यायचा. मी लहानपणापासून वांड. मुंबईत असताना सायकल भाड्यानं घेऊन थेट वरळीपर्यंत जायची आणि घरी येऊन शिवणाच्या क्लासला गेले होते म्हणून सांगायची. इथे सायकल नाही, क्लास नाही आणि जायला वरळीही नाही. त्यामुळे ती परदेशी बाई जेव्हा गिरणीच्या फाटकाशी गाडी लावून उभी राहिली आणि इंग्रजीत विचारलं की इंडियातून आलेल्या लोकांची माहिती कुणी देईल का, तेव्हा मी बाकीच्या पोरींना कोपरानं ढकलून पुढे झाले.

बाई चाळिशीची असेल. डोक्याला गवताची हॅट, पायात जाड बूट, आणि हसणं मोकळं. देशोदेशीच्या यहुद्यांवर पुस्तक लिहितेय म्हणाली. जवळच्या बेरशेबा शहरात हॉटेलात राहायची. माझ्या सुट्टीच्या दिवशी यायची, मी तिला घरोघर नेऊन म्हाताऱ्या बायकांशी बोलणं करून द्यायची. त्या मराठीत सांगत, मी इंग्रजीत. जुन्या ओव्या, सणाचे पदार्थ, हळदीची गाणी. आणि त्याच्या बदल्यात तिनं मला काय दिलं सांगू? गाडी चालवायला शिकवलं! वाळवंटातल्या त्या सरळ रस्त्यावर मला स्टिअरिंगपाशी बसवलं आणि म्हणाली, "इथे धडकायला काही नाही, घाबरतेस कशाला?" मी पुढे जन्मभर गाडी चालवली, माझ्या मुलांना शिकवली. पहिल्यांदा माझ्या हातात चाक दिलं ते तिनं. हे ऋण मी नाकारणार नाही. लोक काहीही म्हणोत.

हळूहळू तिचे प्रश्न बदलले. ओव्यांवरून बसवर आले. कामगारांच्या बस कुठून सुटतात? बाबांच्या बुटांना माती कसल्या रंगाची लागते? ती वाटेत थांबून झुडपं उपटायची आणि छोट्या डब्यांत भरायची. झुडपांचा शौक आहे म्हणायची. असतात बुवा माणसांचे शौक, मी म्हटलं. पण एक दिवस तिनं सहज बोलावं तसं विचारलं, "तुझ्या बाबांची कामावरची जुनी टोपी मला देशील? धुवू नकोस हं. धुळीसकट, आहे तशीच पाहिजे."

मी आईची बुद्धी घेतलेली नाही असं आई म्हणायची, पण एवढं मलाही कळलं की न धुतलेली टोपी कुठल्याही पुस्तकात छापून येत नाही. मी घाबरले. आणि खरं सांगते, त्याच वेळी अंगावर आनंदाचा काटाही आला. इतक्या दिवसांनी काहीतरी घडत होतं! मी चेहरा साधा ठेवला आणि म्हटलं, "ते नाही जमायचं. मिळवत्या माणसाची टोपी आम्ही घराबाहेर देत नाही. बरकत जाते."

हे मी बनवून सांगितलं नव्हतं. आमच्याकडे खरंच देत नाहीत. आईनं तर मुंबईत असताना बाबांची फाटकी टोपी बोहारणीलासुद्धा दिली नव्हती. बाई हसली, माझ्या गालाला हात लावला आणि विषय बदलला. मी कुणाला काही बोलले नाही. मला वाटलं, ही कोण आहे ते आपणच हुडकून काढू. वय तसं होतं.

मग मलिद्याचा दिवस आला. आमच्या लोकांत नवस फेडायचा, आभार मानायचे, तर एलियाहू हानाबीच्या, आमच्या नबीच्या म्हणजे प्रेषिताच्या, नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. हिवाळा सरता सरता झाडांचा सण येतो, त्या दिवशी तर करतातच. कोकणात आमची माणसं अलिबागजवळच्या एका खडकापाशी जातात. नबी स्वर्गात जाताना त्याच्या घोड्याची टाप तिथे उमटली आहे. डिमोनात कुठला आलाय तसला खडक! पण आईनं शोधला. गावाबाहेरच्या टेकाडावर एका दगडात तिला टाप दिसली. बाबांना तिथे खड्डा दिसला, पण ते गप्प बसले. तेव्हापासून आमच्या चाळीतल्या बायका, म्हणजे सरकारी घरांच्या त्या रांगेला आम्ही चाळच म्हणायचो, तिथे मलिदा घेऊन जायच्या. आता त्या टेकाडाच्या पायथ्याशी तारेचं कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे लांबवर उन्हात चमकणारा घुमट दिसायचा, हा काही आईचा दोष नव्हे. टेकाडावर जायला बंदी नव्हती. तारेच्या जवळ जायला होती.

बाईला या मलिद्याचं कळलं होतं आणि तिला यायचंच होतं. मी आईला म्हटलं, नको नेऊया. आई म्हणाली, "त्या दिवशी दारात आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. नबी कुठल्या रूपात येईल सांगता येतं का?" मी मनात म्हटलं, या रूपात तर खास नाही येणार. पण गेलो सगळ्या.

सकाळपाळी करून मी आले होते. मुंबईहून नव्यानं आलेल्या शेजारणीनं पोहे आणि सुकं खोबरं दिलं होतं. आईनं आपलं मोठं पितळी ताट काढलं, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. दगडाशी चादर अंथरली, प्रार्थना झाली. बाई इकडेतिकडे फिरत होती, गळ्यात कॅमेरा, हातात तिच्या डब्या. फिरत फिरत ती पार उतारावर गेली. तेवढ्यात कुंपणाच्या आतून एक जीप आली आणि उभी राहिली. दोन पहारेकरी उतरले आणि आमच्याकडे बघत उभे राहिले.

बाईनं पटकन कॅमेरा पिशवीत टाकला आणि आमच्यात येऊन बसली. अगदी मांडी घालून, हात जोडून. आम्ही काही हात जोडत नव्हतो.

आईचं लक्ष मात्र त्या दोघांकडे. "किती वेळ उन्हात उभे आहेत ग बिचारे. आणि आपण त्यांच्या डोळ्यांदेखत खायचं?" तिनं ताट उचललं. बाईनं मला विचारलं, ही कुठे चालली? मी सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नको, नको, तिला थांबव," म्हणाली. आता आईला थांबवायची ताकद बाबांत नव्हती, ती माझ्यात कुठून येणार? आई निघाली तरातरा टेकाड उतरून, डोक्यावर पदर, हातात ताट. मागे मी.

"थांबा!" एक पहारेकरी ओरडला. आईला हिब्रूचे चार शब्द येत, त्यातला हा नव्हता. ती चालतच राहिली. त्यानं बंदूक उचलली. मी "आई, आई" करत तिचा पदर ओढला, तर तिनं मलाच झिडकारलं. थेट तारेपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शालोम. तोखाल." म्हणजे, खा. पुढचं सगळं मराठीत: "आणि ती बंदूक ठेव बाजूला आधी. एलियाहू हानाबीचा मलिदा असा घेतात का? डोकं उघडं तुझं! टोपी घाल!"

डोक्यावर हात थापटून तिनं दाखवलं. आणि काय सांगू, त्या पोरसवदा पहारेकऱ्यानं निमूटपणे खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली. दुसरा थोरला होता. त्याला आईच्या बडबडीतून एवढंच ओळखीचं ऐकू आलं, एलियाहू हानाबी. तो हसला. तारेच्या फटीतून हात घालून त्यानं मूठभर मलिदा घेतला, आशीर्वाद पुटपुटला आणि खाल्ला. आई म्हणाली, "आता कसं!" मग दोघांनी एकेक मूठ घेतली.

आम्ही वळून बघतो तो टेकाडावर बाई नाही. खाली गाडी नाही. रस्त्यावर नुसता धुरळा, आणि दगडावर तिची हॅट. थोरल्या पहारेकऱ्याचं हसणं तिथेच थांबलं. "ती कोण होती?" त्यानं मला विचारलं.

त्यानंतर आम्हा मायलेकींना जीपमध्ये घातलं. ताटही घेतलं, कारण ताट पालथं केल्यावर त्यांना मागे काहीतरी कोरलेलं दिसलं, आणि ते कुणालाच वाचता येईना. संध्याकाळी आम्हाला घरी सोडलं. ताट ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले तर फाटकावर त्यांचा पास काढून घेतला आणि त्यांना परत पाठवलं. ते चालत आले तेव्हा आम्ही दोघी दारातच होतो. त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि चटईवर बसले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते आपले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांच्याकडे बघत होते, आणि मला माहीत होतं ते काय बघत होते. पास गेला म्हणजे पुन्हा खडी. आणि त्यांच्या कमरेत आता खडीचा एक महिनाही शिल्लक नव्हता.

चाळीत कुजबूज सुरू झाली. ते दिवसच तसे होते. आमच्या मुलामुलींची लग्नं लावायची तर धर्मगुरू आधी आजी-पणजीची चौकशी करायचे. खरे यहुदी की खोटे, असं तोंडावर विचारायचे. यरुशलेमला जाऊन रस्त्यावर धरणं धरायची बोलणी आमच्या लोकांत चालली होती. शेजारीण म्हणाली, "आता हेर म्हणायचंच काय ते बाकी होतं." ती चिडून बोलली नव्हती, घाबरून बोलली होती. मलाही तीच भीती होती. बाबांचा पास माझ्यामुळे गेला होता.

मला चौकशीला बोलावलं. टेबलापलीकडे एक वयस्क साहेब, चष्मेवाला, काचेच्या पेल्यातून चहा पिणारा. टेबलावर आईचं ताट, पालथं. "हे काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

मी वाचलं, "चि. सौ. कां." आणि पुढे आईचं नाव, "हिच्या लग्नात मावशीकडून सप्रेम भेट."

"चि. म्हणजे?"

"चिरंजीव. पुष्कळ जगावी म्हणून."

"मग पूर्ण का नाही लिहिलं? आणि सौ.? आणि कां.?"

आता याला काय सांगावं! तीन अक्षरं, तीन टिंबं. त्याला तो गुप्त संदेश वाटला असला तर नवल नव्हतं. मी सौभाग्यकांक्षिणी समजावता समजावता घामाघूम झाले. शेवटी म्हटलं, "साहेब, कोरणारा अक्षराला पैसे घेतो, आणि मावशी चिकट होती."

त्यांनी रामला या गावाहून आमच्यातलाच एक पोलीस दुभाष्या म्हणून आणला आणि आईला वेगळं बसवून तेच विचारलं. तो बिचारा नंतर मला म्हणाला, मावशीच्या चिकटपणाचा एवढा पुरावा कुठल्याही कोर्टात आला नसेल. आईनं मावशीच्या लग्नापासून सुरुवात केली होती. मग साहेबानं आईला विचारलं, "बंदूक रोखलेल्या माणसाकडे चालत का गेलात?" आई म्हणाली, "त्यांनी बघितलं होतं ना. बघितलेल्याला दिल्याशिवाय खाल्लं तर पोटात दुखतं. तुमच्यात दुखत नाही?" आणि वर म्हणाली, "माझं ताट कधी देताय?"

मला मात्र साहेबानं बाईचं सगळं खोदून खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं. बस, माती, झुडपं, डब्या. टोपीपाशी आले तेव्हा त्याचा लिहिता हात थांबला. "दिलीस?"

"नाही."

"का? ती तुझी मैत्रीण होती. एक जुनी टोपी."

"मिळवत्या माणसाची टोपी आम्ही घराबाहेर देत नाही," मी म्हटलं. आणि मला एकदम रडू फुटलं. इतक्या दिवसांत आलं नव्हतं ते. "साहेब, माझं काय करायचं ते करा. मला तुरुंगात घाला. पण माझ्या बाबांचा पास परत द्या. ते मला काही सांगत नाहीत आणि मी त्यांना काही विचारत नाही. ते नुसते चांगले फिटर आहेत."

साहेबानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "हेर पहारेकऱ्याला चुकवतो. तुझी आई त्याला वाढायला गेली. जा घरी."

तरी पास आला नाही. दिवस जात होते. बाबा खिळे सरळ करत बसायचे. वाकलेला एकही खिळा घरात उरला नाही.

मग एका शुक्रवारी, शब्बाथच्या, आमच्या विसाव्याच्या दिवसाच्या, तयारीत, दार वाजलं. साहेब स्वतः. हातात खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी, दोन्ही हातांनी धरलेलं. त्यानं कागद सोडला. आईचं ताट, आणि त्यात रचलेली संत्री. "तुमच्यात ताट रिकामं परत करत नाहीत, असं रामल्याच्या पोलिसानं मला सांगितलं," तो म्हणाला. "माझ्या अंगणातली आहेत." सगळ्यांत वरच्या संत्र्यावर बाबांचा पास होता.

आईनं ताट घेतलं आणि आधी पालथं करून बघितलं, चरा पडलाय का. संत्री घरभर. बाबा मात्र हात धुऊन आले, पास उचलला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं. साहेबाचा हात हातात घेतला. त्या माणसाला कुणी सांगितलं होतं स्वतः यायला? टपालानं पास आला असता. पण तो आला, ताट भरून घेऊन आला. आज तो हयात नसेल, पण दर मलिद्याला मी त्याचं नाव मनात घेते. मला त्याचं नाव ठाऊक नाही, तरी घेते. आई आणि तिच्या चिकट मावशीचंही घेते. आणि त्या बाईचंही, ती कुणाची होती ते अजून ठाऊक नसताना.

रविवारी पहाटे बाबा निघाले. मी डबा दिला. खुंटीवरची टोपी काढून ते दारात थांबले. इतक्या दिवसांत माझ्याशी धड बोलले नव्हते. "ती मागत होती तेव्हा दिली नाहीस, असं साहेब म्हणाला," ते म्हणाले.

"नाही दिली," मी म्हटलं.

त्यांनी ती कळकट टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, नीट, कानापर्यंत ओढून. "तूही मिळवती आहेस," म्हणाले. आणि उघड्या डोक्यानं बसकडे गेले.